मोईनभाईंचा गुरुवार

आमच्या कार्यालयात आता गुरुवार हा इतर वारांसारखाच एक वार आहे. साडेतीन वाजतात, चार वाजतात, आणि कोणी खुर्चीवरून उठत नाही. मोईनभाई होते तोवर तसे नव्हते. त्यांचे काम सुटले त्याला आता दीड वर्ष होत आले. ज्या चुकीमुळे ते सुटले, तिची सुरुवात माझ्या टेबलापासून झाली होती. हे मला त्या वेळीही माहीत होते. त्यांनाही ते माहीत होते, हे नंतर कळले. पुढे जे लिहिणार आहे ते मोईनभाईंविषयी आहे, पण एवढे गाळून त्यांच्याविषयी लिहिता येत नाही, म्हणून आरंभीच सांगून ठेवतो.

पांढरकवड्याला हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत, भाड्याच्या घरात आमची संस्था आहे. केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतल्या विहिरींचे व हातपंपांचे पाणी तपासून घेणे हे तिचे मुख्य काम. आमच्याकडच्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला बरे. ते पिणाऱ्या मुलांच्या दातांवर मात्र पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि पुढे वय वाढले की गुडघे व पाठ आखडत जाते. असे पाणी कोठे आहे ते शोधायचे, तपासणीचे अहवाल मागवायचे, प्रस्ताव करायचे आणि पाठपुरावा करायचा. यातला पाठपुरावा म्हणजे पत्रव्यवहार, आणि तो पाहण्यासाठी शाळेतून निवृत्त झाल्यावर मला तेथे बोलावण्यात आले. कार्यालयात पाच संगणक होते. सचिव गावंडे साहेब एक नंबरवर बसत. गावोगाव फिरणाऱ्या लता टेकाम दोन नंबरवर. तीन नंबरवर हिशेब होत, चार नंबर माझा, आणि पाच नंबर सामायिक कामाचा.

हे नंबर मोईनभाईंनी दिलेले. त्यांना माणसांची नावे पाठ असत, पण कामाच्या वेळी ते नंबरानेच बोलत. “तीन नंबरले आज ताप हाये,” असे म्हणून ते खोक्यावर पालथा हात ठेवत, आणि बहुतेक वेळा आतला पंखा खरोखरच बंद पडलेला असे. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटापर्यंत लावलेली बटणे. बसस्थानकामागे त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओ गेले, मग टीव्हीही कोणी दुरुस्त करेनासे झाले, तेव्हा ते संगणक शिकले. कोठे शिकले असे विचारले तर म्हणत, “खोलून.” सोमवारी आणि गुरुवारी ते आमच्याकडे येत. कळफलक झाडायला त्यांच्याजवळ दाढीचा एक जुना ब्रश होता. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसण्याआधी तिच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक करत, खुर्ची रिकामी असली तरी.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक प्रश्न विचारला.

“गुरुजी, तुमच्या नावानं आलेलं पत्र कुठं राह्यते, सांगा बरं.”

मी इंटरनेट असे काहीतरी म्हणालो आणि खिडकीबाहेर बोट केले.

“सारे तिकडंच दाखवतात,” ते म्हणाले आणि टेबलाखालच्या खोक्यावर बोट टेकवून म्हणाले, “अठी. या डब्यात. पोस्टमननं चिठ्ठी तुमच्या घरात टाकली, पोस्टात आता काही नाही. घर जळालं का चिठ्ठी जळाली.”

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आमच्या कार्यालयातली व्यवस्था जुनी होती. आलेली मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रावरून आमच्या संगणकावर उतरे आणि तिकडून पुसली जाई. आपल्याला पडद्यावर शेकडो वेगवेगळी पत्रे दिसत. संगणकाच्या लेखी मात्र ती सगळी मिळून एकच मोठी फाइल असे. म्हणजे एका माणसाची सगळी पत्रे एका बाडात. मेलचा प्रोग्रॅम उघडा असेपर्यंत ते बाड त्याच्या ताब्यात असते आणि दुसऱ्या कोणाला त्याची नक्कल करू देत नाही. म्हणून नक्कल घ्यायची तर आधी प्रोग्रॅम पूर्ण बंद करायला हवा. मी मुलांना बत्तीस वर्षे गणित शिकवले, पण एखादी गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत मी क्वचितच सांगितली असेल. मोईनभाईंचे सांगणे असे होते: “पहिले बंद करा, मंग उठा.”

त्यावरून आमच्याकडे गुरुवारची एक रीतच पडली. साडेतीनला मोईनभाई मधल्या खोलीत उभे राहून म्हणत, “चला, बंद करा.” मग सगळे उठून ओसरीवर चहाला जात. पाऊण तास कार्यालयात त्यांच्याखेरीज कोणी नसे. फोन वाजला तरी उचलायचा नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला ते दारात विचारत, “बंद?” आणि उत्तर काहीही आले तरी त्याच्या पडद्यापाशी जाऊन, वाकून स्वतः पाहत. मग एकेका यंत्रातली फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेत आणि दोनशे पानी वहीत तिचे आकारमान लिहीत. पाच नंबरांचे पाच रकाने. डिस्क दोन होत्या, आणि दर गुरुवारी दोन्हींवर तीच नक्कल घेतली जाई. त्यांच्या पत्नीने जुन्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून दिल्या होत्या, एक निळी, एक फुलांची. निळी आठवडाभर कार्यालयाच्या कपाटात राही आणि फुलांची त्यांच्या घरी. पुढच्या गुरुवारी अदलाबदल.

“दोन कायले?” लताबाईंनी एकदा विचारले.

“एक अठी बुडाली तं एक घरी. दोन्ही बुडाल्या तं समजा पांढरकवडाच बुडाला, मंग पत्र कोनाले पाह्यजे?”

गावंडे साहेब मुळात भले, पण घाईचे. त्यांची मेलची खिडकी कधी बंद नसे. वरच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ असते, तिच्यावर टिचकी मारली की खिडकी खाली जाते आणि दिसेनाशी होते. शेजारच्या फुलीवर मारली तरच ती खरी बंद होते. साहेब रेघेवर मारून चहाला येत. मोईनभाई आतून ओसरीवर येऊन सगळ्यांसमोर म्हणत, “साहेब, दार नुसतं लोटलं तुम्ही. कडी लावा.” साहेब हसत उठत. “मोईनभाई, तुम्ही आमचे सासरे शोभता,” म्हणत. लताबाई म्हणत, “सासरे असते तं साहेब पहिल्याच वर्षी सुधारले असते.” आम्ही सगळे हसत असू. मीही हसत असे.

महिन्याच्या अखेरच्या गुरुवारी त्यांची परीक्षा असे. परीक्षा स्वतःची, पण विचारणारे आम्ही. नक्कल घेतली एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. “घेतली म्हनू नये, काढून दाखवावी,” असे त्यांचे म्हणणे. पाळीपाळीने आमच्यापैकी एकाने आपल्याला आलेले कोणतेही एक पत्र सांगायचे आणि मोईनभाईंनी ते पाच नंबरच्या सामायिक संगणकावर, डिस्कवरच्या नकलेतून काढून दाखवायचे. पत्र सापडले की ते पडदा त्या माणसाकडे वळवत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

लताबाईंनी एकदा त्यांची गंमत करायची ठरवली. कधी काळी साहेबांनी त्यांना एका उशिरा पोचलेल्या अहवालाबद्दल लेखी खरमरीत सुनावले होते, ते पत्र त्यांनी मागितले. पाच मिनिटांत ते पडद्यावर आले.

“भाई, वाचा ना, काय लिवलं साहेबानं,” लताबाई म्हणाल्या.

“तुमचंच हाये का?”

“माझंच.”

“बास मंग.” ते भिंतीकडेच पाहत होते.

“असे कसे तुम्ही? साऱ्या ऑफिसची पत्रं तुमच्या थैलीत, अन् वाचली एकबी नाही?”

“थैली शिवनाऱ्या बाईनं वाचली काय? मंग मीच काहून वाचू?”

एका पावसाळ्यात लताबाईंचे यंत्र बंद पडले आणि आतली डिस्क गेली. त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. झरी जामणीकडच्या एकवीस गावांचे अहवाल त्या पत्रांमध्ये होते. मोईनभाई दुकानातून चालत आले, भिजलेल्या चपला ओसरीवर काढल्या, यंत्रात नवी डिस्क बसवली, तिच्यात नक्कल उतरवली आणि संध्याकाळी साडेपाचला म्हणाले, “मागच्या गुरुवारपर्यंतचं सारं हाये. शुक्रवार ते आज, तेवढं पाच दिवसांचं गेलं. ते मागून घ्या.” लताबाईंनी ती पाच दिवसांची पत्रे फोन करकरून पुन्हा मागवली. त्या दिवसापासून त्या मोईनभाईंना भाई म्हणू लागल्या. त्याआधी आडनावाने शेखसाहेब म्हणत.

आता माझ्याकडे येतो. मोईनभाई प्रत्येकाचा पडदा वाकून पाहत, असे वर लिहिले. त्याला एक अपवाद होता. त्यांची मुलगी दहावीला माझ्या वर्गात होती. गणितात ती बेताची होती, मी तिला शाळा सुटल्यावर काही महिने बसवून घेतले, ती पास झाली आणि पुढे परिचारिका झाली. यात विशेष काही नाही. मी पुष्कळ मुलांना बसवून घेत असे. मोईनभाईंनी मात्र ते धरून ठेवले. माझ्या खुर्चीत ते कधीही बसले नाहीत. माझ्या यंत्रापुढे उभे राहूनच काम करत. आणि गुरुवारी मला दारातच विचारत, “गुरुजी, बंद?” मी “बंद” म्हटले की, “जी,” म्हणून पुढच्याकडे वळत. माझा पडदा त्यांनी वाकून पाहिल्याचे मला एकदाही आठवत नाही.

मी बरीच वर्षे खरोखर बंद करत असे. मग माझे यंत्र संथ झाले. मेल एकदा बंद केली की पुन्हा उघडायला दहा-बारा मिनिटे लागत, आणि चहाहून परतल्यावर ती वाट पाहणे मला नकोसे होई. त्यांचे काम सुटले त्या वर्षीच्या जानेवारीत एका गुरुवारी मी एक लांब तक्ता लिहीत होतो. मी रेघेवर टिचकी मारली, खिडकी खाली गेली, मी उठलो.

“गुरुजी, बंद?”

“बंद.”

“जी.”

रेघ आणि फुली यांतला फरक मला ठाऊक होता. एक गुरुवार गेल्याने काही बिघडत नाही, असा विचार मी केला होता. पुढच्या गुरुवारीही तोच केला. तिसऱ्या वेळी विचार करावा लागला नाही. अशा सतरा गुरुवारी मी “बंद” म्हणालो. शाळेत एखाद्या मुलाने सतरा वेळा असे केले असते तर मी काय केले असते ते मला माहीत आहे.

नक्कल घेणारी आज्ञा अशी रचलेली होती की जी फाइल हाती लागत नाही ती सोडून द्यायची आणि पुढे जायचे. त्यामुळे डिस्कवर माझी जानेवारीतली जुनी नक्कल तशीच राही. वहीत चौथ्या रकान्यात दर आठवड्याला तोच आकडा उतरत होता. बाकीच्या चार रकान्यांतले आकडे थोडे थोडे वाढत होते. मोईनभाईंसारख्या माणसाला हे दिसले नसेल असे मी तेव्हा मानून चाललो होतो. तसे मानणे माझ्या सोयीचे होते.

दोन प्रसंग आता लक्षात येतात. फेब्रुवारीत एकदा ते माझ्या टेबलाजवळ विनाकारण उभे राहिले. कळफलक स्वच्छ होता तरी ब्रशने झाडला.

“गुरुजी, एखांद्या टायमाले मशीन पूरीच बंद करून चहाले जात जा. तिलेबी आराम भेटते.”

“हो, हो,” मी म्हणालो.

यंत्र पूर्ण बंद केले असते तर मेलही आपोआप बंद झाली असती. मी केले नाही. दुसरा प्रसंग मार्च अखेरचा. परीक्षेसाठी पत्र सांगण्याची पाळी माझी होती. मी दोन वर्षांपूर्वीचे एक पत्र सांगितले. ते निघणार हे मला माहीत होते. मोईनभाईंनी माझ्याकडे पाहिले. “जुनं सांगितलं गुरुजींनी,” एवढे म्हणाले, पत्र काढले, पडदा वळवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभे होते.

याच महिन्यांत एक महत्त्वाचे काम चालू होते. एक वयस्क दंतवैद्य लताबाईंबरोबर झरी जामणीच्या जंगलातल्या सहा पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, स्वखुशीने जात होते. घरोघर मुलांचे दात पाहत, मोठ्यांना उठाबसायला लावत आणि नावानिशी याद्या करत. याद्या ते घरून टाइप करून माझ्या मेलवर पाठवत. पावसाळ्याआधी आमचा प्रस्ताव जायचा होता: सहाही ठिकाणचे हातपंप बंद करून तेथे लांबून नळाचे पाणी आणावे. पाण्याचे अहवाल साहेबांच्या यंत्रावर होते. पण नुसत्या अहवालांवर काम होत नाही. त्या पाण्याने कोणाला काय झाले आहे ते नावानिशी द्यावे लागते. ती नावे माझ्या यंत्रावर होती. एप्रिलमध्ये डॉक्टर झोपेत वारले. त्यांच्या मुलाने येऊन घर आवरले आणि जुना संगणक भंगारात दिला. कागद ते ठेवत नसत.

मे महिन्यात आमच्या गल्लीतली वीज दुरुस्तीनंतर एकदम जास्त दाबाने आली. चार यंत्रे वाचली. माझे गेले.

मोईनभाई आले. त्यांनी उभ्यानेच यंत्र खोलले, डिस्क काढून कानाशी धरली आणि खाली ठेवली. त्यानंतर ती नागपूरला पाठवून पाहिली. दहा दिवसांनी परत आली. काही निघाले नाही. नकलेत जानेवारीपर्यंतची पत्रे होती. डॉक्टरांची पहिली यादी फेब्रुवारीतली.

गावंडे साहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावले. ते चिडलेले नव्हते. त्यांना कळत नव्हते.

“मोईनभाई, दर गुरुवारी आम्ही कामं सोडून बाहेर बसलो. मग चार नंबरचं झालं काय?”

मोईनभाईंच्या हातात वही होती. ती मिटलेली होती.

“चूक माझी हाये, साहेब. चार नंबरची नक्कल येत नव्हती. मी पाह्यलं नाही.”

“पण भाई,” लताबाई म्हणाल्या, “मार्चात गुरुजींची पाळी झाली ना? पत्र तं निघालं होतं.”

“जुनं व्हतं ते. मी नवं मागाले पाह्यजे व्हतं.”

“काहून नाही मागितलं?”

त्यांनी वही काखेत धरली. हमरस्त्यावरून एक लांब ट्रक जात होता, त्याला जायला पुष्कळ वेळ लागला. मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेकडे पाहत होतो. काचेखाली तालुक्याचा नकाशा होता आणि त्यावर सहा पोडांभोवती लाल पेन्सिलीची वर्तुळे होती. बोलण्यासारखी ती वेळ होती. मी एक ते सहा वर्तुळे मोजली. मग पुन्हा मोजली.

“आता त्या सहा पोडांवर मी कोनत्या तोंडानं जाऊ?” लताबाई म्हणाल्या. “पुन्हा म्हनू, आ करा?”

त्या पुन्हा गेल्या. दुसरा डॉक्टर मिळायला दिवाळी उजाडली. प्रस्ताव त्या पावसाळ्याआधी गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात सहाही ठिकाणी तेच हातपंप चालू होते.

साहेबांनी काम नागपूरच्या एका कंपनीला दिले. आता आमची मेल त्यांच्याच यंत्रांवर राहते आणि कोणाला काही बंद करावे लागत नाही. मोईनभाईंना कोणी जा म्हटले नाही. फक्त सोमवारी आणि गुरुवारी येण्याचे कारण उरले नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी दोन्ही डिस्क साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि पिशव्या घडी करून खिशात घातल्या. वही साहेबांना दिली नाही. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “गुरुजी, हे तुमच्यापाशी ठेवा.” ते गेल्यावर मी ती उघडली. चौथ्या रकान्यात एकाखाली एक सतरा वेळा तोच आकडा होता, त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात. कोठे खूण नव्हती, प्रश्नचिन्ह नव्हते. माझ्याविरुद्ध जेवढा पुरावा होता तेवढा त्यांनी माझ्याच हाती दिला होता. तो मी खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावले. मला काय वाटले हे सांगता येईल असे वाटत नाही. त्या दिवशी मी नेहमीच्या वेळी घरी गेलो आणि जेवलो.

पुढचे सहा महिने मी बसस्थानकामागच्या रस्त्याने जाणे टाळले. नोव्हेंबरात समजले की दुकान बंद करून ते उमरखेडला मुलीकडे राहायला जाणार आहेत. ज्या दिवशी जाणार त्या सकाळी मी बसस्थानकावर गेलो. उमरखेडची बस फलाटाला लागलेली होती. त्यांच्या पत्नी आत खिडकीशी बसल्या होत्या. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा होता. मोईनभाई खाली उभे होते.

“अरे, गुरुजी. कायले त्रास घेतला?”

मी घरून वाक्य तयार करून गेलो होतो. ते म्हटले. “मोईनभाई, त्या सतरा गुरुवारी माझी मेल बंद नव्हती. मी खोटे बोललो.”

“मले माहीत हाये.”

“केव्हापासून?”

“चौथ्या गुरुवारपासून. आकडा हलतच नव्हता.”

“मग साहेबांसमोर स्वतःवर का घेतलेत? मला वाचवायला नको होते.”

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले.

“मी कुठं वाचवलं तुम्हाले? मी खरं बोल्लो. चूक माझीच हाये. दुसरा कोनी असता तं मी वाकून पाह्यलं असतं. गुरुजींवर शक कसा घ्यायचा म्हनून नाही पाह्यलं. तेरा गुरुवार मले माहीत व्हतं अन् मी गप राह्यलो. तुमची लाज राखाले गेलो मी, गुरुजी. तिकडं लेकरांच्या दातांचं काय झालं?”

बसमध्ये चढणाऱ्या एकाला वाट द्यायला मी बाजूला झालो.

“तुम्ही एका शब्दाचं खोटं बोलले. मी तेवढंबी नाही बोल्लो. मंग मी काय चांगला मानूस झालो?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तीन नंबरला ताप आहे, हे सांगावे तसे ते सांगत होते. “अदब असते ते ठीक हाये. पन कामात तिले आनलं, तिथं मी चुकलो.”

“मी साहेबांना सांगणार आहे,” मी म्हणालो.

“सांगा. पन माझ्यासाठी सांगू नका. मी तं चाल्लो. लताबाईले पहिले सांगा, तिले सहा जागी पुन्हा जावं लागलं.”

कंडक्टरने घंटी दिली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, “येतो, गुरुजी,” म्हणाले आणि वर चढले.

मी लताबाईंना त्याच दुपारी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, हातातली फाइल मिटली आणि “बरं,” म्हणाल्या. दोन-तीन दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या, मग पूर्ववत बोलू लागल्या. पण अजून त्या मला गुरुजी म्हणत नाहीत. आडनावाने हाक मारतात. गावंडे साहेबांना मी लेखी दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “आता याचं काय करू मी?” त्यांनी उमरखेडला फोन केला. बोलणे काय झाले ते मी विचारले नाही. मोईनभाई परत आले नाहीत. लताबाईंनी सहाही पोडांच्या याद्या नव्याने पुऱ्या केल्या आहेत, आणि त्यांवर त्यांनी मला प्रत्येक नाव मूळ कागदाशी ताडून सही करायला लावली. एकूण तीन वेळा ताडले.

बस निघाली तेव्हाचे एवढेच आठवते. फलाटापुढचा रस्ता उखडलेला आहे, त्यावरून बस डोलत वळत होती. त्यांच्या पत्नीचा डोळा लागला असावा. मान खिडकीकडे कलली होती. मोईनभाई शेजारी ताठ बसून समोर पाहत होते. बाहेर कोण उभे आहे, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते. त्यांचा एक हात पत्नीच्या पाठीमागून पलीकडे गेला होता, आणि तळहात तिच्या डोक्याच्या आणि खिडकीच्या गजाच्या मध्ये होता. गचका बसला की तो गजावर आपटे. त्यांनी तो काढून घेतला नाही. बस हमरस्त्याला लागेपर्यंत मला तो हात दिसत होता.